केबलची तार आणि तिचे अर्थकारण



वसंत व्याख्यानमालेत अर्थशास्त्राचा विषय निघाला की शेती, बँका, परकीय चलन, अर्थसंकल्प ह्यांची चर्चा होते, आणि ती व्हावयासच पाहिजे. परंतु ज्या धंद्याचा माणूस दरमहा पैशासाठी आपल्या दारी येतो, ज्याची तार आपल्या खिडकीतून आत शिरलेली आहे आणि ज्याच्यापुढे घरातील लहानथोर रोज संध्याकाळी बसतात, त्या धंद्याचा विचार अर्थशास्त्र म्हणून क्वचितच केला जातो. केबलवर काय दाखवितात, ते चांगले की वाईट, मुलांवर त्याचा परिणाम काय, ह्याविषयी पुष्कळ बोलून झाले आहे. ते दाखविण्याचा खर्च कोण सोसतो, पैसा कोठून निघतो आणि कोणाच्या हाती जाऊन थांबतो, ह्याविषयी मात्र फारच थोडे बोलले गेले. आज आम्ही तेवढाच प्रश्न घेणार आहोत.

आमचे प्रतिपादन आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढच्या आकडेवारीत श्रोत्यांची वाट चुकणार नाही. ह्या धंद्यात माल कोणी तयार केला ह्यापेक्षा वाट कोणाच्या ताब्यात आहे ह्यावर पैसा अवलंबून राहिला. वाटेवर जेथे अरुंद दरवाजा असेल तेथे ज्याने खुर्ची टाकली, त्याने जकात वसूल केली. गेल्या पस्तीस वर्षांत हा दरवाजा एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हाती गेला. प्रेक्षकाच्या हातीही तो कायद्याने एकदा दिला; पण त्याच्या हातात तो कितपत राहिला, हे आपल्याला पाहावयाचे आहे.

प्रथम ह्या तारेचा जन्म कसा झाला ते पाहू. मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९७६ पासून त्यावर जाहिराती दिसू लागल्या, १९८२ साली दिल्लीच्या एशियाडच्या निमित्ताने चित्र रंगीत झाले. ह्या सर्व काळात सरकारी वाहिनी हीच एक वाहिनी होती. लोकांची हौस मात्र एका वाहिनीत मावणारी नव्हती. त्यामुळे ऐंशीच्या दशकात मुंबईच्या गृहनिर्माण सोसायट्यांतून एक निराळाच उद्योग उभा राहिला. एखादा हुन्नरी तरुण एक व्हिडिओ यंत्र घेई, ते एका खोलीत ठेवी, गच्चीवरून आणि जिन्यातून तारा सोडून चाळीसपन्नास घरे त्या यंत्राला जोडी, आणि महिन्याच्या ठराविक वर्गणीत रोज एकदोन चित्रपट दाखवी. हा आपला पहिला केबलवाला. त्याला परवाना कोणी दिलेला नव्हता, कारण परवाना देणारा कायदाच नव्हता. तारांच्या बाबतीत देशात जो कायदा होता तो १८८५ सालचा तारायंत्राचा कायदा, आणि तो करणाऱ्यांच्या स्वप्नातही गच्चीवरची ही तार आलेली नसणार.

मग १९९१ साल उजाडले. जानेवारीत आखाती युद्ध पेटले आणि त्याची दृश्ये परदेशी वाहिनीवरून थेट येऊ लागली. त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्हीने एशियासॅट-१ ह्या उपग्रहावरून प्रक्षेपण सुरू केले. उपग्रहाचा सिग्नल आकाशातून फुकट पडत होता. तो झेलावयास एक मोठी डिश पुरे. ती घराघरात परवडणारी नव्हती, पण ज्याच्या तारा आधीच चाळीस घरांत गेलेल्या होत्या त्याला ती सहज परवडे. गच्चीवर डिश बसली, चाळिसांची चारशे घरे झाली. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही ही खाजगी हिंदी वाहिनी सुरू झाली आणि इंग्रजी न समजणारी घरेही ह्या तारेला जोडली गेली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अमेरिकेत गावाची नगरपालिका एखाद्या कंपनीला केबलचा मक्ता देते, ती कंपनी भांडवल घालून सारे गाव जोडते, आणि मग धंदा सुरू होतो. म्हणजे तेथे इमारत पायापासून वर चढली. आपल्याकडे तार आधी आली, वाहिन्या मागून आल्या आणि कायदा सर्वांत शेवटी आला. १९९४ चा वटहुकूम आणि त्यापाठोपाठचा १९९५ चा केबल दूरचित्रवाणी जाळे नियमन कायदा निघेपर्यंत गल्लोगल्लीच्या हद्दी ठरून गेल्या होत्या. कायद्याने केबलवाल्याकडे मागितले तरी किती? मुख्य पोस्टात जावे, ५०० रुपये भरावे आणि वर्षाची नोंदणी करून घ्यावी. ह्या नोंदणीने धंद्याला कायदेशीर रूप आले. हद्दी मात्र जशा होत्या तशाच राहिल्या.

आता ह्या धंद्याची रचना पाहू. आपल्या शेतकरी श्रोत्यांना ती चटकन समजेल, कारण ती पाटबंधाऱ्यासारखी आहे. वर धरण, मध्ये कालवा आणि शेवटी शेतात जाणारी चारी.

धरणाच्या जागी प्रसारक, म्हणजे वाहिनीची मालक कंपनी. ती कार्यक्रम करवून घेते किंवा विकत घेते, सामन्यांचे हक्क मिळविते आणि सारे उपग्रहावर चढविते. देशात परवानगी मिळालेल्या खाजगी उपग्रह वाहिन्यांची संख्या नऊशेच्या आसपास आहे. पण धंद्याचा मोठा भाग चारसहा समूहांच्या हाती आहे, आणि एकेका समूहाजवळ डझनांनी वाहिन्या आहेत.

कालव्याच्या जागी जो आहे त्याला धंद्यात एमएसओ म्हणतात, म्हणजे मल्टी-सिस्टिम ऑपरेटर. सिटी केबल, हॅथवे, इनकेबल, डेन ही त्यांतील ठळक नावे. हा शहरात एक मोठे केंद्र उभारतो. त्या केंद्राला हेडएंड म्हणतात. तेथे मोठमोठ्या डिश असतात. निरनिराळ्या उपग्रहांवरच्या वाहिन्या तेथे उतरवून घेतात, एकत्र गुंफतात आणि तो गुच्छ जाड तारेने शहरभर सोडतात. शेदीडशे वाहिन्या झाल्यावर प्रत्येक गल्लीत स्वतंत्र डिशांचे जंगल उभारणे केबलवाल्याला झेपेना, तेव्हा हा मधला जन्माला आला.

आणि चारीच्या जागी आपला केबलवाला. खांबावरून किंवा गच्चीवरून घरापर्यंतची शेवटची तार त्याची. पाऊस पडून चित्र गेले तर शिडी घेऊन येणारा तो, पैसे मागावयास येणारा तो, गणपतीच्या वर्गणीतही पुढे असणारा तो. देशभरात असे साठ हजार केबलवाले आहेत, असा अंदाज कित्येक वर्षे सांगितला जात असे. प्रेक्षक ओळखतो तो फक्त ह्याला. धरण आणि कालवा त्याच्या दृष्टीआड असतात.

ह्या रचनेत पैसा तीन प्रमुख झऱ्यांनी येतो. पहिला झरा जाहिरातीचा. हा पैसा सरळ प्रसारकाला मिळतो. जाहिरातदार विकत घेतो ते प्रेक्षकाचे लक्ष. तेव्हा ह्या व्यवहारात आपण गिऱ्हाईक नसून माल असतो, हे स्पष्टपणे समजून घेतले पाहिजे. मालाचे वजन करावयास काटा लागतो. त्यासाठी काही हजार घरांत यंत्रे बसवून कोण काय पाहतो ते मोजतात आणि त्यावरून कोट्यवधी घरांचा अंदाज बांधतात. २०१५ पासून हे काम बार्क ही संस्था करते. काटा लहान आणि त्यावर टांगलेला पैसा प्रचंड, त्यामुळे काट्याला हात लावण्याचा मोह होतो. २०२० साली मुंबई पोलिसांनी अशा हेराफेरीच्या आरोपांचा तपास सुरू केला, आणि त्यानंतर वृत्तवाहिन्यांचे आकडे २०२२ च्या मार्चपर्यंत जाहीर होणे थांबले होते. तासाला १२ मिनिटांहून अधिक जाहिरात दाखवू नये, असा केबलच्या नियमांतच दंडक आहे. तो कितपत पाळला जातो हे घड्याळ लावून कोणालाही पाहता येईल.

दुसरा झरा वर्गणीचा. हा प्रेक्षकाच्या खिशातून निघतो, केबलवाल्याच्या हाती येतो आणि तेथून वर चढतो. पाण्याचा ओघ वरून खाली आणि पैशाचा ओघ खालून वर, अशी ही उलटसुलट रीत आहे. आणि तिसरा झरा वाहतूक-शुल्काचा. आपली वाहिनी तारेत घ्यावी म्हणून प्रसारक एमएसओला जे पैसे देतो ते हे शुल्क. शिवाय इंटरनेटची जोडणी, स्थानिक वाहिनीवरच्या दुकानदारांच्या जाहिराती, पेटी सुरू करताच आधी जी वाहिनी दिसते त्या जागेचे भाडे, अशी किरकोळ उत्पन्ने आहेतच.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. दरवाजा कोणाकोणाच्या हाती गेला?

पहिला काळ केबलवाल्याचा. जुन्या ॲनालॉग तारेत कोणत्या घरी किती जोडण्या आहेत हे वर कोणालाही दिसत नसे. जोडण्यांचा आकडा केबलवाला सांगेल तो. प्रसारक दर जोडणीमागे पैसे मागे. म्हणून केबलवाला पाचशे घरांकडून वर्गणी घेई आणि वर शंभराचा आकडा कळवी. हे लपून राहिलेले नव्हते. सारा धंदा हे जाणून होता आणि दरवर्षी करार करताना 'खरा' आकडा किती धरावयाचा ह्यावर घासाघीस होई. घासाघीस फिसकटली की वाहिनी बंद, आणि ऐन सामन्याच्या दिवशी पडद्यावर मुंग्या. सरकारचाही येथे तोटा होता. आपल्या राज्यात केबलवर करमणूक कर होता. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर येईपर्यंत मुंबईत तो जोडणीमागे दरमहा ४५ रुपये होता. जी जोडणी कागदावरच नाही तिचा कर कोण भरणार?

केबलवाल्याला येथे चोर ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. तार त्याने घातली, जोखीम त्याने घेतली, आणि वाहिनीचे भाव मात्र त्याला न विचारता वाढत गेले. गल्लीतल्या गिऱ्हाइकाकडून वाढीव पैसे मागण्याचे अप्रिय काम त्याच्याच वाट्याला आले. त्याने आकडा लपविला, त्यात लोभ होता आणि नाइलाजही होता.

दुसरा काळ एमएसओचा. ॲनालॉग तारेत शंभराच्या आतबाहेर वाहिन्या मावत, त्यातही जुन्या दूरचित्रवाणी संचांवर जेमतेम पहिल्या काही जागा स्वच्छ दिसत. इकडे वाहिन्या शेकड्यांनी निघू लागल्या. माल फार आणि गाडीत जागा थोडी, असे झाले की भाडे चढते. एमएसओने प्रसारकांकडून वाहतूक-शुल्क घेण्यास सुरुवात केली. म्हणजे तारेच्या एका टोकाला प्रसारक वाहिनीचे पैसे मागत होता आणि त्याच तारेच्या दुसऱ्या टोकाला जागेचे पैसे देत होता. ह्यात सर्वांत नागवले गेले ते लहान वाहिन्यांचे चालक. मोठ्या समूहाजवळ लोकप्रिय वाहिनी असे; तिच्या जोरावर तो आपली बाकीची वऱ्हाडी मंडळीही आत घुसवी. एकच वाहिनी घेऊन आलेल्या नवख्याला कार्यक्रमावर खर्च करण्याआधी दरवाज्यावरच्या माणसाला खूश करावे लागे. बातमी किंवा संगीत चांगले असणे पुरेसे नव्हते.

ह्या गोंधळावर उपाय म्हणून सरकारने २००२ साली कायद्यात दुरुस्ती करून 'कॅस' ही पद्धत काढली. घरात एक पेटी बसवावयाची आणि प्रेक्षकाने निवडलेल्या वाहिन्याच त्या पेटीने उघडावयाच्या. २००३ मध्ये चेन्नईत आणि २००६ च्या अखेरीस मुंबई, दिल्ली व कोलकाता ह्यांच्या काही भागांत ती लागू झाली. फुकट वाहिन्यांच्या मूळ संचाला ७७ रुपये आणि प्रत्येक सशुल्क वाहिनीला ५ रुपये, असा दर होता. त्यातले ४५ टक्के प्रसारकाला, ३० टक्के एमएसओला आणि २५ टक्के केबलवाल्याला अशी वाटणीही नेमून दिली होती. योजना सरळ होती, पण ती त्या भागांपलीकडे पसरली नाही. कारण पेटी आली की जोडण्यांची खरी मोजदाद आली, आणि ती कोणाकोणाला नको होती.

मध्यंतरी २००४ च्या जानेवारीत दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे, म्हणजे ट्रायकडे, केबलचाही कारभार आला आणि त्याने पहिल्याच महिन्यात दर गोठविले. पुढे २०११ च्या दुरुस्तीने साऱ्या देशात डिजिटल तार सक्तीची झाली. २०१२ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईसह चार महानगरे, २०१३ च्या मार्चअखेर पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर इत्यादी ३८ शहरे, आणि पुढे टप्प्याटप्प्याने २०१७ च्या मार्चपर्यंत उरलेला देश. आता पेटीला क्रमांक आला, क्रमांकाची नोंद एमएसओच्या संगणकात गेली आणि केबलवाल्याच्या वहीतले गुपित उघडे पडले. त्याच्या हातातला दरवाजा गेला. तारेत जागाही भरपूर झाली, म्हणून एमएसओचा दरवाजाही रुंदावला. मग दरवाजा गेला कोणाकडे? ज्याच्याजवळ लोकांना हवीहवीशी वाहिनी आहे त्या प्रसारकाकडे.

प्रेक्षकाचे काय, असा प्रश्न येथे येतो. ट्रायने मार्च २०१७ मध्ये नवी दररचना जाहीर केली. प्रसारकांनी तिला मद्रास उच्च न्यायालयात आव्हान दिले. ३० ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ट्रायची बाजू उचलून धरली आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून ती अंमलात आली. तत्त्व उत्तम होते: प्रत्येक वाहिनीचा भाव पडद्यावर दिसावा, आणि प्रेक्षकाने हवी तीच वाहिनी घ्यावी. त्या वेळचे बिल आपण उलगडून पाहू. पहिल्या १०० वाहिन्यांसाठी तारेचे भाडे जास्तीत जास्त १३० रुपये. त्यावर १८ टक्के कर २३ रुपये ४० पैसे. एकूण १५३ रुपये ४० पैसे. एमएसओ आणि केबलवाला ह्यांच्यात निराळा ठराव नसेल तर १३० रुपयांपैकी ७१ रुपये ५० पैसे एमएसओचे आणि ५८ रुपये ५० पैसे केबलवाल्याचे. त्याउपर सशुल्क वाहिनी घेतली आणि समजा तिचा भाव १९ रुपये असला, तर २० टक्के म्हणजे ३ रुपये ८० पैसे वितरणाचे आणि उरलेले १५ रुपये २० पैसे प्रसारकाचे. वर वितरकाला १५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची प्रसारकाला मुभा. त्या ३ रुपये ८० पैशांतून केबलवाल्याच्या हाती आले १ रुपया ७१ पैसे. एवढा स्पष्ट हिशेब ह्या धंद्यात त्यापूर्वी कधीच झाला नव्हता. वाहतूक-शुल्कालाही बांध घातला: साध्या वाहिनीला जोडणीमागे दरमहा २० पैशांहून अधिक नाही, आणि वाहिनी घेणारे ग्राहक पाचातून एक किंवा अधिक झाले की शुल्क शून्य.

मग प्रेक्षक मालक का झाला नाही? ह्याचे उत्तर 'गुच्छ' ह्या एका शब्दात आहे. प्रसारक आपल्या वाहिन्या सुट्याही विकतो आणि गुच्छ करूनही विकतो. समजा, तुम्हाला १९ रुपयांच्या दोन वाहिन्या हव्या आहेत. सुट्या घेतल्या तर ३८ रुपये. तोच प्रसारक म्हणतो, ह्या दोन आणि आणखी सहा मिळून ३५ रुपये. शहाणा माणूस गुच्छच घेणार. त्या सहा वाहिन्या तो पाहणार नाही; पण त्या आता त्याच्या घरी 'पोचल्या', आणि पोचलेल्या घरांचा आकडा दाखवून प्रसारक त्यांच्यासाठी जाहिराती मिळविणार. स्वस्त म्हणून घेतलेल्या मालाची किंमत आपण अशी दुसऱ्या हाताने देतो. ट्रायला हे ठाऊक होते. म्हणून गुच्छाचा भाव सुट्या भावांच्या बेरजेपेक्षा १५ टक्क्यांहून अधिक कमी असू नये, असे कलम मूळ आदेशात घातले होते. नेमके तेच कलम मद्रास उच्च न्यायालयाने रद्द केले. निवडीचा हक्क कागदावर राहिला, आणि निवड करणे तोट्याचे ठरले.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १ जानेवारी २०२० च्या सुधारणेने तेवढ्याच १३० रुपयांत २०० वाहिन्या देण्यास सांगितले आणि गुच्छात येणाऱ्या वाहिनीची कमाल किंमत १९ वरून १२ वर आणली. पुन्हा दावे झाले; मुंबई उच्च न्यायालयाने ३० जून २०२१ रोजी ती सुधारणा बहुतांशी वैध ठरविली. तरीही नोव्हेंबर २०२२ मध्ये मर्यादा पुन्हा १९ वर गेली आणि गुच्छावर ४५ टक्क्यांपर्यंत सूट मान्य झाली. जुलै २०२४ मध्ये तारेच्या भाड्यावरची कमाल मर्यादाही ट्रायने उठविली. किती घ्यावयाचे हे आता चालकाने ठरवून जाहीर करावयाचे. पाचसात वर्षांत नियम इतक्या वेळा फिरले की सामान्य माणसाने बिल वाचण्याचेच सोडून दिले. ज्याला बिल समजत नाही त्याच्याजवळ हक्क असून नसून सारखेच.

आता चवथा काळ चालू आहे. दरवाजा तारेतूनच निघून चालला आहे. २०२२ साली इंडियन प्रीमियर लीगच्या पाच वर्षांच्या हक्कांचा लिलाव झाला. भारतीय उपखंडातील दूरचित्रवाणीचे हक्क २३,५७५ कोटी रुपयांना गेले, म्हणजे ४१० सामन्यांच्या हिशेबाने एका सामन्याला साडेसत्तावन्न कोटी. आणि इंटरनेटवरून दाखविण्याचे हक्क त्याहूनही किंचित जास्त, २३,७५८ कोटींना गेले. बाजार काय मानतो हे एवढ्यावरून समजावे. तारेचा दुसरा स्पर्धक म्हणजे घरगुती डिश. पण तिचीही वर्गणीदार घरे २०२० च्या अखेरच्या सुमारे ७ कोटींवरून २०२५ च्या मार्चमध्ये ५ कोटी ६९ लाखांवर घसरली. ज्याला पैसा परवडतो तो इंटरनेटकडे वळला. ज्याला परवडत नाही त्याने प्रसार भारतीची 'फ्री डिश' लावली. तिला मासिक वर्गणी नाही, आणि तिच्यावर जागा मिळावी म्हणून खाजगी वाहिन्याच लिलावात पैसे भरतात. केबलवाला ह्या दोहोंच्या मध्ये सापडला आहे.

त्याच सुमारास वरच्या मजल्यावर एकत्रीकरण झाले. २०१८ साली रिलायन्सने डेन आणि हॅथवे ह्या दोन मोठ्या एमएसओंमध्ये बहुमताचा वाटा घेतला. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच समूहाची वायाकॉम-१८ आणि डिस्नेची स्टार इंडिया एकत्र होऊन जिओस्टार झाली. म्हणजे धरण, कालवा आणि कालव्याला पर्याय असलेली नवी इंटरनेटची नळी, ह्या तिन्हींत एकाच समूहाचा मोठा हात आला. कोणा एका उद्योगपतीवर आमचा रोष नाही. संधी दिसली की भांडवल तेथे जाणारच. पण पूर्वी ह्या तीन पायऱ्या आपसांत भांडत आणि त्या भांडणात प्रेक्षकाला श्वास घ्यावयास थोडी जागा मिळे. भांडणारे एका घरात नांदू लागले की शेजाऱ्याने काळजी करावयास हवी.

ही काळजी केवळ पैशाची नाही. क्रिकेट असोशिएशन ऑफ बेंगॉलच्या खटल्यात ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आकाशातील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, आणि तिचा वापर लोकांच्या हितासाठी व नानाविध मते लोकांपुढे यावीत ह्यासाठी झाला पाहिजे. सरकारची मक्तेदारी नको, आणि खाजगी धनिकांचीही नको. ई टीव्ही मराठी २००० साली निघाली, तिच्या आगेमागे आणखी मराठी वाहिन्या निघाल्या, त्यामुळे आपल्या भाषेला, नटांना, लेखकांना आणि तंत्रज्ञांना काम मिळाले. उद्या एखाद्या जिल्ह्यातील चार होतकरू मंडळींनी वाहिनी काढावयाचे ठरविले, तर दरवाज्यावरच्या माणसाची मर्जी हीच त्यांची पात्रता ठरू नये. हा प्रश्न लोकशाहीचा आहे.

ह्यावर उपाय काय? आम्ही कोणतीही जादूची कांडी घेऊन आलेलो नाही, पण दोन उदाहरणे देशातच आहेत. तामिळनाडूत सरकारनेच 'अरसू केबल' ही कंपनी काढून २०११ पासून ७० रुपयांत वाहिन्या दिल्या. स्वस्ताई झाली खरी. पण वाहिन्यांचा दरवाजा राज्यकर्त्यांच्या हाती असणे हे बातमीच्या दृष्टीने कितपत निर्धोक, हा विचार राहतोच. दुसरे उदाहरण आम्हाला अधिक मोलाचे वाटते. केरळात लहान लहान केबलवाल्यांनी आपल्या संघटनेतून स्वतःची कंपनी काढली, स्वतःचे हेडएंड उभारले, आणि त्याच तारेवरून इंटरनेटचीही सेवा देऊ लागले. 'केरळ व्हिजन' ह्या नावाने ती आज राज्यातील मोठी सेवा आहे. चारीवाल्यांनी एकत्र येऊन कालवा खोदला! ज्या महाराष्ट्राने उसाचे आणि दुधाचे सहकारी उद्योग उभारून दाखविले, त्या महाराष्ट्रातील केबलवाला मात्र एकेकटा राहिला आणि एकेकटाच मोठ्यांच्या पोटात चालला आहे, ह्याचे आम्हाला वाईट वाटते. घरोघर पोचलेली त्याची तार ही आजही मोठी मत्ता आहे. चित्राचे उत्पन्न आटले तरी त्याच तारेच्या वाटेने इंटरनेट जाऊ शकते. उशीर झालेला आहे, पण वेळ संपलेली नाही.

आणि प्रेक्षकाचे कर्तव्य? ते फार अवघड नाही. आपल्या बिलात तारेचे भाडे किती, वाहिन्यांचे किती आणि कर किती, हे विचारावे. न विचारता दिलेल्या पॅकेजात आपण पाहतो त्या वाहिन्या किती, हे एकदा मोजावे. प्रत्येक वाहिनीचा भाव जाहीर करणे प्रसारकावर बंधनकारक आहे. तो पाहून सुटे घेणे परवडते का, ह्याचा हिशेब करावा. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवर आपण तास तास बोलतो, त्यातील दहा मिनिटे ह्या तारेला द्यावीत. नियामक कायदे करतो, न्यायालय अर्थ लावते. पण गिऱ्हाईक जागे नसेल तर दोघांचेही श्रम कागदावरच राहतात, हे २०१९ च्या अनुभवाने दिसले आहे.

तार उद्या राहील किंवा न राहील. चित्र तारेतून येवो, आकाशातून येवो की हातातल्या फोनमध्ये येवो, मध्ये कोठेतरी अरुंद दरवाजा असणारच, आणि त्यावर कोणीतरी बसणारच. तो कोण, तो काय घेतो आणि कोणाला आत सोडीत नाही, हे विचारण्याची सवय आपण ठेवली तर आजचे एवढे आकडे ऐकण्याचे आपले श्रम वाया गेले नाहीत असे आम्ही समजू.